बस्त्यातल्या साड्या

देवपूर, धुळे
२६ जून १९८८

अक्का,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. चार वर्षांत साधं कार्ड टाकलं नाही आणि आता एकदम तीर्थरूप म्हणजे माझं मलाच हसू आलं. तुझा सुरतेजवळच्या उधन्याचा पत्ता तुझ्या सासूनं दिला. मी काही शेवंताबाईंच्या घरी गेले नव्हते हं, बाजारात मेथी घेताना त्या समोर आल्या आणि मी विचारून बसले.

कामापुरतं लिहिते. मला इथं हायस्कूलमध्ये नोकरी लागली. आठवी-नववीला भूगोल. राहते तानुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या मागच्या खोलीत. आबांनी एक वर्ष दिलंय. या वर्षात माझ्या नावानं गावात एवढासा जरी बोभाटा झाला तरी पेटी उचलायची आणि भडगाव गाठायचं. "एकीनी दखाडं तितलं बस शे," म्हणाले. एकीनं दाखवलं तेवढं पुरे; ती एक म्हणजे कोण, ते तुला सांगायला नको.

कपड्यांची अट वेगळी. साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून, अंगभर. शाळेचीही अट साडीचीच. बी.एड.ला जळगावला पाठ असायचा त्या दिवशी मैत्रिणींच्या साड्या नेसून मी वेळ मारून नेली. आता रोज मैत्रीण कुठून आणू? माझ्या स्वतःच्या दोनच. एक पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि दुसरीतून उजेड दिसतो.

तेव्हा मायनं तुझी पेटी उघडली.

रागावू नकोस. किंवा रागाव, त्यावर तुझा हक्क उरलाय की नाही ते मला कळत नाही. तुझ्या लग्नासाठी दोन्हीकडच्या मंडळींनी जळगावला जाऊन काढलेला बस्ता त्यात होता तसाच आहे, डांबराच्या गोळ्यांसकट. तू गेलीस तेव्हा हळद तोंडावर आली होती. मायनं पेटीला कुलूप लावलं, वर गोधड्या रचल्या आणि त्या कोपऱ्याकडे कुणी बघेना. आता तीच म्हणाली, "पडी पडी कुजी जाई. नेस तू. धुयामा कोन वयखस?"

धुळ्यात कोण ओळखतं, हे मलाही पटलं. आबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना बायकांच्या सगळ्या साड्या सारख्याच दिसतात.

काम असं की ब्लाऊज तुझ्या मापाचे आहेत. तू काडी, मी तशी नाही. दंडात रुततात आणि हात वर केला की काखेत टर्रकन जाईल अशी भीती. त्यात तो पदर दोन्ही खांद्यांवरून, तोही घसरतो. म्हणून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते. परवा महाराष्ट्राचा नकाशा काढायला घेतला, कोकण झालं, मराठवाडा झाला, आणि वर जागाच उरली नाही. आपला खान्देश पार चेपून गेला. मुख्याध्यापक चौधरी सर दारावरून चालले होते, थांबले आणि म्हणाले, "बाई, वरचा फळा भाड्यानं दिलाय का?" पोरं खो-खो हसली. मीही हसले, काय करणार.

ज्यानं हे ब्लाऊज शिवले आणि मग ज्याच्याबरोबर तू गेलीस, त्यालाच विचार, सैल होतील का म्हणून. इथला शिंपी हात लावत नाही. म्हणतो, ज्याची शिलाई त्यालाच ठाऊक. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

एवढंच काम होतं.

कोकिळा

ता.क. पोरांनी माझं नाव पाडलंय. नवरीबाई. त्या जरीच्या काठांमुळे.


देवपूर, धुळे
११ सप्टेंबर १९८८

अक्का,

भाईदासचं कार्ड जुलैतच आलं. तू त्यात एक अक्षर लिहिलं नाहीस. मी कामापुरतं म्हणाले ते मनाला लावून घेतलंस, बरोबर आहे. त्याचं अक्षर मात्र छान आहे. "दोन्ही बगलांना आत बोटभर कापड सोडले आहे. बाहेरची टीप आधीच मारून ठेवली आहे, फक्त आतली उसवावी." तानुबाईच्या सुईनं मी एका दुपारी सगळे उसवले आणि खरोखर, आत दुसरी टीप तयार होती. लग्नानंतर मुली अंगानं भरतात, म्हणून शिंपी अशी सोय करून ठेवतात म्हणे. तू दुसऱ्याच्या घरी जाणार म्हणून तो ब्लाऊज शिवत होता, आणि तिथं तुला अंगात कपडा रुतू नये हेही त्यानं बघितलं. चार वर्षं मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हणत आले. ते सगळं काही मागे घेत नाही, पण थोडं कमी करते.

आता हात वर जातो. खान्देश जागेवर आला.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नाही. लिहिली असती तर तू म्हणाली असतीस, त्या साड्यांना हात लावू नकोस. आमच्या शाळेत हिंदी शिकवायला सुनंदाबाई आहेत. पारोळ्याच्या. तू ज्या घरी जायची होतीस त्या घरची थोरली लेक, तुझी नणंद झाली असती ती. सासर इथं देवपुरातच आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. बस्त्याच्या वेळी दुकानातल्या गादीवर सगळ्यांच्या पुढे बसून त्यांचं "ही नको, ती दाखवा" चाललं होतं, ते विसरेन का मी? त्यांनी मला नाही ओळखलं. तेव्हा मी दोन वेण्या घालून मागे बसले होते, आणि आपलं पाटील आडनाव तर आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्यांचं आहे. "कुठल्या तुम्ही?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "पाचोऱ्याकडची" म्हणून सांगितलं. अगदीच खोटं नाही ते, आगगाडी आपण पाचोऱ्यालाच धरतो.

त्यांनी पारोळ्याला शब्द जरी टाकला असता की त्या पळून गेलेलीची बहीण तिच्याच बस्त्याच्या साड्या नेसून शाळेत मिरवते, तर तो शब्द आठवड्याच्या बाजाराआधी भडगावला पोचला असता. माझं वर्ष तिथंच संपलं असतं. म्हणून मी जपून नेसायची. त्यांनी निवडलेल्या जेवढ्या आठवत होत्या तेवढ्या पेटीतच ठेवल्या. जुलै गेला, ऑगस्ट गेला, काही झालं नाही. मग मी निर्धास्त झाले.

आणि आला शिक्षक दिन. त्या दिवशी दहावीची मुलंमुली शिक्षक होतात आणि आम्ही खरे शिक्षक दिवसभर स्टाफरूममध्ये रिकामे बसतो. बाया ठेवणीतलं नेसून येतात. मी ती डाळिंबी काढली, बारीक पिवळ्या बुट्ट्यांची. ती आपल्या मामीची पसंती असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आत पाऊल टाकलं तर समोर सुनंदाबाई. डाळिंबी. बारीक पिवळ्या बुट्ट्या. पदरावर त्याच कोयऱ्या.

अख्खी स्टाफरूम हसायला लागली. चित्रकलेचे सर म्हणाले, "आज जुळ्या बहिणी आल्या." शिपाई चहा घेऊन आला, मला कप दिला आणि सुनंदाबाईंना म्हणाला, "तुम्हाले दिला ना आत्ता." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि उठून जाता येईना, कारण जायचं कुठं? आमच्या वर्गांवर पोरं शिकवत होती.

तुला हे ठाऊक होतं का गं? मला त्यांच्याकडूनच नंतर कळलं. दुकानात ती साडी त्यांना स्वतःलाच इतकी आवडली की त्यांनी तशीच दुसरी काढायला लावली, एक नवरीला आणि एक करवलीला. मला त्या वेळी मामाच्या पोरांना उसाचा रस पाजायला बाहेर पिटाळलं होतं. करवलीची त्यांनी तिथूनच नेली, ब्लाऊज शिवायला म्हणून.

दुपारपर्यंत त्या आपल्या खुर्चीत, मी माझ्या. मी तपासलेल्याच वह्या पुन्हा तपासत होते. मग बाकीचे पोरांचे तास बघायला गेले, तेव्हा त्या उठून माझ्या शेजारी बसल्या. माझा पदर हातात घेतला आणि उलटा करून आतल्या बाजूचा जळगावच्या दुकानाचा शिक्का पाहिला.

"भडगावच्या का तुम्ही?"

"हो."

"लताच्या धाकट्या."

"हो."

वाटलं, आता ही बाई काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, आपली बाजूच नाही. त्यांनी पदर सोडला. मग स्वतःच्या साडीकडे बघत म्हणाल्या, "ही मी परत पाठवायला पाहिजे होती तुमच्याकडे. लग्नच झालं नाही तर करवलीचा मान कसला? पण फार आवडली होती हो."

मी म्हटलं, "तुम्हाला शोभते." खरंच शोभते अक्का, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

कुणाला सांगू नका म्हणायला माझी जीभ उचलेना. त्याच म्हणाल्या, "मी घरी बोलत नाही. तुम्हीही माझ्या साडीचं कुठं बोलू नका." म्हणजे आता आम्ही दोघी चोर. त्या दिवसापासून त्या मला थोड्या आवडायला लागल्या आहेत, हे तुला आवडणार नाही, पण लिहून टाकते.

या वेळी तूच लिही. भाईदासचं अक्षर पुरे.

कोकिळा


भडगाव
१४ नोव्हेंबर १९८८

अक्का,

लिहिलंस एकदाचं. चार ओळी, आणि त्यातली एक मुलगी झाल्याची, जशी काही पाऊस बरा झाल्याची बातमी. नाव काय ठेवलं तेही नाही. मायला सांगितलं. ती मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी होती.

दिवाळीच्या सुटीत घरी आलेय. हे पत्र पाचोऱ्याला जाणाऱ्या माणसाकडे देईन.

सुनंदाबाई बोलणार नाही म्हणाल्या होत्या, त्या बोलल्या. वाईट बोलल्या असत्या तर निभलं असतं. त्या चांगलं बोलल्या. सगळा ऑक्टोबर मला डबा आणायच्या, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवेची भाजी. मी मजेत खायची. इतकी कशी मी बावळट, डब्यामागे काय शिजतंय ते मला कळलं नाही. त्यांचा भाऊ अजून बिनलग्नाचा आहे. नवरी निघून गेली की लोक नवऱ्यातच काहीतरी शोधत बसतात, तसं त्याचं झालं. चार वर्षं कुणी मुलगी दिली नाही. आणि इथं ह्यांच्या डोळ्यांसमोर मी रोज उभी, ह्यांनीच पसंत केलेल्या साड्या नेसून. एकदा म्हणाल्यासुद्धा, "तुम्ही त्या साडीत दारात आल्या ना, की मला वाटतं आमच्या घरचीच सून आली." मी हसले. हसायला नको होतं.

लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून पाहुणे आले. आबांना एवढं खूष मी तू गेल्यापासून पाहिलं नव्हतं. स्वतः उठून पाण्याचा तांब्या दिला. पाहुणे म्हणाले, झालं गेलं सोडा, ठरलेलं घर आहे, मोठी नाही तर धाकटी. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "बस्ता ते काढेलच शे," आणि ओसरीवर सगळे हसले. आबाही हसले. मी आत चुलीपाशी ऐकत होते. माझ्या अंगावर त्या वेळी बस्त्यातलीच होती, मोरपंखी. असं वाटलं की उठावं आणि बदलून यावं, पण बदलून काय नेसणार, सोबत आणलेली दुसरी पण त्याच पेटीतली.

नोकरीचं मायनं आडून विचारलं. पाहुणे म्हणाले, आमच्यात सून कमवायला जात नाही. सुनंदाबाई जातात ती त्यांच्या सासरची रीत. म्हणजे माझी शाळा मार्चअखेर बंद. नववीचं जग अर्ध्यावर राहणार, आफ्रिका झालीये, अजून दक्षिण अमेरिका आहे.

आबा मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. त्यांनी मायला सांगितलं आणि मायनं मला. ते मार्गशीर्षात सुपारी फोडायला जाणार आहेत.

आता तुला एक विचारते, त्याला चार ओळींत वाटेला लावू नकोस. त्या माणसात काही खोट होती का? दारू, हात उचलणं, आजार, दुसरी कुणी? असेल तर स्पष्ट लिही. तुझं पत्र मी आबांपुढे ठेवीन, मग जे व्हायचं ते होऊ दे. पण हे मोडेल. आणि नसेल तर मी नाही कोणत्या तोंडानं म्हणू? घर चांगलं, माणसं चांगली, नणंद तर मी रोज बघते. मला भूगोल शिकवायचा आहे, हे काय कारण झालं? तू निदान एका माणसासाठी गेलीस. माझ्याकडे माणूस नाही, फळा आहे. फळ्यासाठी कुणी बापाला नाही म्हटल्याचं आपल्या पंचक्रोशीत कुणाला माहीत आहे का?

कधीकधी वाटतं की खोट असावी. कुणाचं इतकं वाईट मी आजवर चिंतलं नव्हतं.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर.

कोकिळा


देवपूर, धुळे
४ डिसेंबर १९८८

अक्का,

तुझं पत्र मिळालं. पण त्याच्या आधीचं आधी सांगते, नाहीतर माझ्याच्यानं नीट लिहवणार नाही.

सुटीहून आल्यावर मी ठरवलं की पेटीतली साडी आता अंगाला लावायची नाही. संध्याकाळी पांझरेचा पूल ओलांडून आग्रा रोडला गेले, एकटी, साडीच्या दुकानात. तू कधी एकटी गेली आहेस का? मी नव्हते गेले. दुकानदारानं गादी झटकली आणि म्हणाला, "बोला ताई, कोणता रंग काढू?" मी म्हटलं, शाळेत नेसायची आहे. तो म्हणाला, "ते ठीक, पण तुमची आवड काय?" त्यानं निळी टाकली, हिरवी टाकली, फुलाफुलांची टाकली. मी प्रत्येकीवरून हात फिरवला आणि मागे बघत होते, कुणी काही म्हणतंय का. मागे कोण असणार? मुलांना मी तांबडी माती, काळी माती, गाळाची माती घडाघडा सांगते, आणि मला काय आवडतं एवढं मला सांगता येईना. शेवटी म्हटलं, "कोणतीही द्या." तो हसून म्हणाला, "कोणतीही नावाची साडी ठेवत नाही आपण." तशीच रिकामी परत आले, म्हणजे पुन्हा पेटीतलीच.

येताना पुलावर थांबले आणि मला जळगावचा तो दिवस आठवला. तू भिंतीला टेकून बसली होतीस. एकेक साडी उलगडायची की तुझ्या खांद्यावर टाकायचे, मामी तुझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करायची आणि सगळ्या म्हणायच्या, खुलतो रंग, नाहीतर नाही खुलत. असा अख्खा दिवस गेला. त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मी आठवून पाहिलं. एकच वाक्य आठवलं. तू पाणी मागितलं होतंस.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं.

"त्यांच्यात काहीही दोष नव्हता. माणूस सरळ होता. उगाच कुणाची बदनामी करू नये." सगळं पत्र शाळेतल्या निबंधासारखं, आणि वाचताना माझा जीव खाली खाली चाललेला. मधल्या सुट्टीत वाचत होते, बाहेर पोरांचा गोंगाट. आणि मग ती एकच ओळ आपल्या बोलीतली. "पन माले कोनी इचारंच नही."

पुढचं मी तीनदा वाचलं. ब्लाऊजचं माप द्यायला तू मायबरोबर गेलीस, भाईदासनं विचारलं, "बाही केवढी ठेवू?" माय सांगायला लागली तर तो म्हणाला, "मावशी, मी यांना विचारतोय." तू म्हणालीस कोपराच्या वर, आणि त्यानं कोपराच्या वर शिवली. एवढंच. खरं सांगू, पहिल्यांदा मला राग आला. एवढ्याशा गोष्टीवर माणूस घर सोडतो, बापाची मान खाली घालतो? मग तास झाला, मी आठवीवर गेले, फळ्यावर हात वर केला आणि ती बाही दिसली. कोपराच्या वर. सगळ्या ब्लाऊजना तशीच आहे, मी पाच महिने घालतेय. त्या एवढ्या बस्त्यात तुझ्या मनाची तेवढीच एक गोष्ट होती.

राग गेला असं म्हणत नाही. कमी झाला.

मी आबांना पत्र टाकलंय, धुळ्याला येऊन जा म्हणून. ओसरीवर मला बोलता येणार नाही, तिथं माझा आवाज फुटत नाही. इथं मी रोज साठ पोरांसमोर बोलते. काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. बोलल्यावर माझी पेटी भरायची की नाही ते त्यांच्या हातात.

कोकिळा


देवपूर, धुळे
२२ डिसेंबर १९८८

अक्का,

सुपारी फुटली नाही. तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून हे आधी लिहिलं.

सुनंदाबाई माझ्याशी बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये खुर्ची खिडकीकडे नेली. मला ते लागतं, पण त्यांचं चुकलंय असं मला म्हणता येत नाही. भावाला दुसऱ्यांदा नकार आला, तोही आपल्याच घरून. काल मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "तुमच्या भावात काही कमी नाही, हे मी कुणाहीसमोर सांगेन." त्या वह्यांकडेच बघत म्हणाल्या, "सांगा मग." मी आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. काही जणांना काय चाललंय तेही कळलं नसेल. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

आबा शनिवारी आले. सकाळची शाळा सुटल्यावर फाटकाशी उभे होते. मी त्या दिवशी नवी नेसले होते. हो, परत गेले दुकानात आणि घेतली, करड्या रंगाची सुती, बारीक काळी किनार. दुकानदाराला पटली नाही, म्हणाला, ताई, हिच्यात वय वाढलेलं दिसतं. म्हटलं, तेच पाहिजे, नववीची पोरं ऐकत नाहीत. आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तरीन दखास," एवढंच म्हणाले, मास्तरीण दिसतेस म्हणून.

खोलीवर आलो. तानुबाईनं चहा दिला आणि शहाणी बाई, शेजारी निघून गेली. आबा खाटेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लगेच सुपारीचं बोलायला लागले, बुधवार ठरलाय, कोण कोण जाणार, मी रजा केव्हा टाकायची. मी उभीच होते.

"आबा, मला विचारा," मी म्हटलं.

"काय इचारू?"

"मला पारोळ्याला जायचंय का, ते."

"हाई काय इचारानी गोट शे? त्या घरमा काय कमी शे?"

"काही कमी नाही. माणूसही सरळ आहे."

"मंग?"

"मग विचारा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि पेटी भर म्हणतील. पदराचं टोक मी मुठीत घट्ट धरलं होतं. त्यांना रागही आला नव्हता गं, त्यांना खरंच समजत नव्हतं की विचारायचं म्हणजे काय करायचं. साठीला आलेला माणूस, त्यांना तरी आयुष्यात कुणी काय विचारलं असेल. बाहेर सायकली चालल्या होत्या. मग एखादा मुलगा पुस्तकातलं वाक्य वाचतो तसं, एकेक शब्द सुटा करून, त्यांनी विचारलं.

"कोकिळा, तुले पारोळाले जानं शे का?"

"नाही आबा," मी म्हटलं. "मला शाळेत राहायचंय. लग्न करणारच नाही असं नाही, पण हे नाही, आणि आत्ता नाही."

"पारोळावाल्यासले मी काय सांगू?"

"पोरगी नाही म्हणते, असं सांगा."

"लोक हासतीन."

"हसतील. माझ्यावर हसतील, मी इथं आहे."

चहा निवून गेला होता, तो तसाच त्यांनी पिऊन टाकला. मला वाटलं ते भांडतील, माझी सगळी उत्तरं तयार होती. त्यातलं एकही लागलं नाही. जायला उठले, दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लताले आपुन इचारं व्हतं का?"

"नाही, आबा."

ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मला त्यांची पाठच दिसत होती. मग म्हणाले, "मी आते इचारं, ते सांगी का ती?"

आता विचारलं तर सांगेल, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तुझ्या वतीनं बोलणारे आपल्या घरात खूप झाले, त्यात आणखी मी नको. मी म्हटलं, ते तिलाच विचारावं लागेल. त्यांनी मान हलवली. स्टँडवर एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मी तुझा पत्ता लिहून तो कागद त्यांच्या हातात दिला.

संक्रांतीनंतर ते सुरतेला येणार म्हणालेत, अक्का. त्यांना तिथली बस कळत नाही, हिंदी येत नाही, आणि काय विचारायचं तेही दारात उभे राहून विसरतील. तू दार उघडशील का?

कोकिळा